नांगरावर सोडून दिलेली आमची मुले : नौवहन महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय नौवहन महासंचालक,
भारत सरकार, मुंबई

महोदय,

मी गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा शिक्षक आहे. तीस वर्षे मी मुलांना नकाशावर पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे दाखवली. जगातील व्यापारी जहाजांचा सर्वांत मोठा वाटा याच तीन देशांच्या झेंड्याखाली चालतो आणि त्यांतील बहुतेक जहाजांचा त्या देशाशी झेंड्यापलीकडे काडीचाही संबंध नसतो, हे मात्र मला माझा मुलगा बोटीवर अडकून पडल्यानंतर कळले. हे पत्र त्या उशिरा झालेल्या अभ्यासातून लिहीत आहे. ते आपल्याला टपालाने पाठवले आहेच. येथे उघडपणे प्रसिद्ध करण्याचे कारण इतकेच, की उद्या ज्या घरातून एखादा बाप पैशांचे पाकीट घेऊन एजंटाकडे जाणार आहे, त्या घरानेही ते वाचावे.

माझ्या मुलाने बारावीनंतर सहा महिन्यांचा जी. पी. रेटिंगचा, म्हणजे सर्वसाधारण खलाशाच्या कामाचा, अभ्यासक्रम पूर्ण केला. संस्था मान्यताप्राप्त होती. त्याला सीडीसी म्हणजे खलाशाचे सरकारी नोंद-पुस्तक मिळाले, खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतला इंडोस क्रमांक मिळाला, वैद्यकीय दाखला मिळाला. मिळाली नाही ती फक्त बोट. त्याच्या तुकडीतील निम्म्याहून अधिक मुले वर्षभर घरी बसून होती. आमच्या भागात मुलगा ‘बोटीवर लागला’ की घराला गिलावा होतो आणि सोयरिकी दारात येतात, त्यामुळे सीडीसी हातात असून घरी बसलेल्या मुलाकडे गाव कोणत्या नजरेने पाहते हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको. अखेर एका ओळखीच्या माणसाकडून नवी मुंबईतील एका एजंटाचा पत्ता मिळाला. त्याने साडेतीन लाख रुपये रोख मागितले आणि मी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून ते मोजून दिले. पावती मागितली तेव्हा तो हसला, आणि मीही काहीतरी अडाणीपणाचे बोलून गेल्यासारखा ओशाळून हसलो.

नोव्हेंबर 2024 मध्ये मुलगा संयुक्त अरब अमिरातीच्या व्हिजिट व्हिसावर शारजाला गेला आणि तेथून एका जुन्या, छोट्या तेलवाहू जहाजावर ऑर्डिनरी सीमन, म्हणजे डेकवरचा कनिष्ठ खलाशी, म्हणून चढला. त्या जहाजावर एका बेटराष्ट्राचा झेंडा होता. पहिले दोन महिने पगार आला. जानेवारी 2025 चा अर्धा आला, आणि मग थांबला. फेब्रुवारीत जहाज किनाऱ्यापासून काही मैलांवर नांगरून पडले ते ऑक्टोबरपर्यंत तसेच. त्या काळात शिमगा झाला, गणपती आले आणि गेले. जनरेटर दिवसातून दोन तास चाले, तेवढ्यात सर्वांनी फोन चार्ज करायचे. गोडे पाणी पंधरवड्यातून एकदा येई. भात, कांदा आणि डेकवरून गळ टाकून मिळेल ती मासळी, हे जेवण. मुलगा कोकणातला असल्यामुळे मासळीची त्याला सवय होती, असे तो आता हसून सांगतो. त्याची आई मात्र हे ऐकताना उठून आत जाते. मालकाचा फोन मार्चमध्ये बंद झाला. जहाजाची त्या बेटराष्ट्राकडील नोंदणी आधीच रद्द झाली होती, हे आम्हाला जूनमध्ये समजले. अखेर एका अनोळखी माणसाने प्रत्येकाला दोन महिन्यांचा पगार आणि विमानाचे तिकीट देऊ केले. त्याबदल्यात ‘आमचे काहीही येणे बाकी नाही’ या कागदावर सही मागितली. मुलाने सही केली. मी त्याच्या जागी असतो तर मीही केली असती.

‘जहाज सोडून का आला नाही?’ हा प्रश्न मला गावात, बँकेत आणि एका सरकारी खिडकीवरसुद्धा विचारला गेला, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो. नांगरावरच्या जहाजावर किमान इतकी माणसे असलीच पाहिजेत असा सुरक्षिततेचा नियम असतो. त्याखाली संख्या जाऊ लागली की बंदराचे अधिकारी कोणाला उतरू देत नाहीत. व्हिसा संपलेला असतो, पासपोर्ट अनेकदा कप्तानाच्या किंवा एजंटाच्या ताब्यात असतो. आणि थकलेल्या पगाराची एकमेव हमी म्हणजे ते जहाजच. ते लिलावात निघाले तर त्यातून पगार मिळू शकतो, पण जहाज सोडून घरी आलेल्या खलाशाला परदेशातला तो खटला चालवायचा कोणी? ‘अमान’ या मालवाहू जहाजावरील मोहम्मद आयशा या सीरियन अधिकाऱ्याला इजिप्तमधील न्यायालयाने 2017 मध्ये जहाजाचा कायदेशीर पालक ठरवले. सहकारी एकेक करून गेले, आणि तो गृहस्थ एप्रिल 2021 पर्यंत त्या जहाजाशी बांधला गेला. शेवटच्या काळात तो एकटा उरला होता आणि फोन चार्ज करण्यासाठी व खाण्याचे सामान आणण्यासाठी पोहत किनाऱ्यावर जात असे. तेव्हा तिकिटाचे पैसे ही यातली सर्वांत लहान अडचण आहे.

माझ्या मुलाची गोष्ट अपवादात्मक असती तर मी गप्प बसलो असतो. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार 2023 मध्ये 132 जहाजे मालकांनी वाऱ्यावर सोडली, 2024 मध्ये 312 आणि 2025 मध्ये 410. 2024 मध्ये अशा जहाजांवर 3,133 खलाशी अडकले होते, त्यांत 899 भारतीय होते. 2025 मध्ये 6,223 पैकी 1,125 भारतीय. दोन्ही वर्षी सर्वांत मोठी संख्या आपल्याच देशाची. जागतिक नौवहनात भारतीय खलाशांचा वाटा वाढत असल्याचे आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान योग्यही आहे. पण या यादीतील पहिला क्रमांक कोणत्याही भाषणात ऐकू येत नाही.

हे आताच का वाढले, याचे कारणही गूढ नाही. रशियन तेलावर निर्बंध आणि डिसेंबर 2022 पासून किमतीची मर्यादा आल्यानंतर भंगारात जायच्या वयाची टँकर जहाजे कोणा अज्ञात कंपन्यांनी विकत घेतली आणि ती झेंडा, नाव व मालक बदलत फिरू लागली. काहींचे झेंडे तर निव्वळ बनावट निघाले. अशा जहाजाचा धंदा थांबला, किंवा त्याचे नाव निर्बंधांच्या यादीत आले, की मालक पुढच्या आठवड्यात नाहीसा होतो. त्या जहाजांवर चांगल्या कंपनीचा अनुभवी माणूस जात नाही. तेथे जातो तो वर्षभर घरी बसलेला, सीडीसी खिशात घेऊन फिरणारा मुलगा.

आपल्या नौदलाबद्दल मला कृतज्ञताच आहे. जानेवारी 2024 मध्ये एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळले तेव्हा त्यावरील 22 भारतीयांच्या मदतीला ‘आयएनएस विशाखापट्टणम’ धावली. मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावरील 17 जणांना सोडवून 35 चाचे पकडून मुंबईत आणले. त्याच वर्षी जुलैमध्ये ओमानजवळ ‘प्रेस्टिज फाल्कन’ हे तेलवाहू जहाज उलटले तेव्हा ‘आयएनएस तेग’ने माणसे समुद्रातून वेचून काढली. परंतु या सर्व प्रसंगी आग होती, गोळीबार होता किंवा उलटलेले जहाज होते. उपासमारीला धूर नसतो. नांगरावर शांतपणे उभे असलेले जहाज रडारवर इतर जहाजांसारखेच दिसते, आणि म्हणून तेथे कोणी येत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार एजंटाबद्दल आहे. खलाशांची भरती करण्यासाठी आपल्या कार्यालयाचा परवाना लागतो, आणि पासपोर्ट, सीडीसी व वैद्यकीय दाखला यांचा खर्च सोडल्यास उमेदवाराकडून भरतीसाठी एक रुपयाही घेता येत नाही, ही आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारातली अट आहे. त्या करारावर भारताने 2015 मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. असे असता नवी मुंबईत परवान्याविना चालणारी दुकाने दिवसाढवळ्या पाट्या लावून बसली आहेत. काही जण परवानाधारक कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेतात, तर काही जण तिचेच पत्र स्कॅन करून वापरतात. परवानाधारकांची यादी आपल्या संकेतस्थळावर आहे हे मला मान्य आहे. पण ती इंग्रजीत आहे, ती शोधावी लागते, आणि मुळात अशी यादी असते हे ज्याला ठाऊक आहे तोच ती शोधतो. मी पदवीधर शिक्षक. मला ती शोधण्याचे सुचले ते मुलगा अडकल्यानंतर.

याच तक्रारीचा दुसरा भाग मला अधिक सलतो. मुलगा अडकल्यावर मी ज्या दारांवर गेलो त्यांतील एका दारावर मला ऐकवण्यात आले, की तो अधिकृत मार्गाने गेलेला नाही, त्यामुळे त्याची नोंदच नाही. हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरे असेल. पण मग त्याचा अर्थ असा होतो, की ज्याची फसवणूक झाली तोच नियमाबाहेरचा ठरतो, आणि ज्याने फसवले तो नियमाच्या कक्षेत नसल्यामुळे मोकळा राहतो. सीडीसी सरकारने दिले, इंडोस क्रमांक सरकारने दिला, विमानतळावर पासपोर्टवर शिक्का सरकारने मारला. केवळ एजंट परवानाधारक नव्हता, म्हणून मुलगा सरकारी कागदावरून पुसला गेला.

जहाजाचा मालक सापडत नाही, ही अडचण मी समजू शकतो. मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, व्यवस्थापक तिसऱ्या देशात आणि विमा असलाच तर चौथ्या देशात. या गुंत्यात भारताचा हात पोचत नाही हे कोणीही मान्य करील. पण एजंट तर नवी मुंबईत बसतो. लोकल गाडीने तिथपर्यंत जाता येते. या साऱ्या साखळीतील जी एकमेव कडी आपल्या कायद्याच्या टप्प्यात आहे, तीच आपण सोडून देतो, हे मला शिक्षक म्हणून, बाप म्हणून आणि करदाता म्हणूनही पटत नाही.

दुसरी तक्रार काळ्या यादीसंबंधी. खलाशांना सोडून देणाऱ्या व त्यांचे हक्क डावलणाऱ्या 86 परदेशी जहाजांना 2025 मध्ये काळ्या यादीत टाकण्याचा निर्णय झाला. तो चांगला निर्णय आहे आणि त्याबद्दल मी आपले अभिनंदन करतो. मात्र जहाजाचे नाव रंगाच्या दोन डब्यांत बदलते. बदलत नाही तो त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा कायमचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. कोणत्याही खलाशाला किंवा त्याच्या घरच्यांना तो क्रमांक टाकून ‘या जहाजावर जाऊ नका’ असे एका क्षणात कळेल, अशी सोय हवी. आणि मला त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा, की या 86 जहाजांवर आमची मुले कोणी पाठवली? जहाजांची यादी झाली; एजंटांची झालेली माझ्या पाहण्यात नाही. ती मुले काही पोहत गेली नव्हती.

तिसरी तक्रार विम्याची. सागरी श्रम करारात 2017 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जहाजमालकाने आर्थिक हमी ठेवावी लागते. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडल्यास त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्नपाणी, औषधपाणी आणि घरी परतण्याचा खर्च मिळायचा असतो. त्या हमीचा दाखला जहाजावर सर्वांना दिसेल असा लावणे बंधनकारक आहे. माझ्या मुलाच्या जहाजावर दाखला होता; त्याची मुदत तो चढण्याच्या आधीच संपली होती. तो दाखला वाचावा, त्यावरील तारीख पाहावी, हे त्याला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात कोणी शिकवले नव्हते. दोरखंडाच्या गाठी शिकवल्या, आग विझवणे शिकवले, लाइफबोट उतरवणे शिकवले आणि ते सर्व आवश्यकच आहे. पण दोन महिने पगार थकला की कराराच्या व्याख्येनुसार आपण ‘सोडून दिलेले’ ठरतो आणि त्या दिवसापासून आपल्याला हक्क मिळतात, हे एक वाक्य कोणी शिकवले असते तर त्याने एप्रिलमध्येच तक्रार केली असती. मालक उद्या पैसे पाठवणार आहे, या कप्तानाच्या शब्दावर तो जुलैपर्यंत थांबला.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. तांबड्या समुद्रात नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर, कामगार संघटनांशी करार असलेल्या जहाजांवरील खलाशांना त्या पट्ट्यात जाण्यास नकार देण्याचा हक्क आणि गेल्यास दुप्पट मूळ पगार मिळाला. तिथली जोखीम कागदावरची नाही: जुलै 2025 मध्ये ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजे अशा हल्ल्यांत एकाच आठवड्यात बुडाली. मात्र परवाना नसलेल्या एजंटामार्फत गेलेल्या मुलाच्या हातात असा कोणताही करार नसतो. त्याला विचारलेही जात नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत, आणि त्यांतील बहुतेकांसाठी नवा कायदा लागत नाही. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये 1958 च्या कायद्याची जागा घेणारा नवा व्यापारी नौवहन कायदा संमत केला आहे. उरलेल्या मागण्यांना त्याखालील नियमांत स्थान मिळावे.

भारतीय खलाशी असलेले जहाज वाऱ्यावर सोडले गेल्याची नोंद झाली, की त्यावर त्या खलाशांना पाठवणाऱ्या प्रत्येक एजंटाची, तो परवानाधारक असो वा नसो, तीस दिवसांत चौकशी व्हावी आणि तिचा निष्कर्ष नावानिशी प्रसिद्ध व्हावा. परवाना नसल्यास पोलिसांकडे तक्रार आपल्या कार्यालयाने स्वतः द्यावी. ते काम बापावर सोडू नये. मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. तेथील अधिकाऱ्याने सहानुभूतीने ऐकून घेतले आणि पावती मागितली.

घरच्या माणसाला थेट तक्रार करता यावी. जहाज सोडून दिल्याची नोंद आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांच्या संयुक्त नोंदवहीत होते, पण ती सरकारे आणि मान्यताप्राप्त संघटना यांच्यामार्फतच होऊ शकते. गुहागरहून मला ती करता येत नाही. म्हणून आपल्या कार्यालयात मराठीत, हिंदीत किंवा खलाशाच्या कुटुंबाच्या भाषेत तक्रार घेतली जावी, तिला क्रमांक मिळावा, आणि ती एका ठरावीक अधिकाऱ्याच्या नावावर राहावी, जेणेकरून प्रत्येक फोनवर गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.

सीडीसी देताना त्यासोबत उमेदवाराच्या भाषेत एक पान द्यावे: भरतीसाठी पैसे देणे लागत नाही, परवाना कसा तपासायचा, हमीचा दाखला कसा वाचायचा, पगार थकल्यास कितव्या दिवशी कोणाला कळवायचे. हेच पान प्रशिक्षण संस्थांच्या भिंतीवर आणि परीक्षेतही असावे. परीक्षेत असले म्हणजे मुले वाचतात, हा माझा अनुभव आहे. त्याचबरोबर दर वर्षी किती मुलांना प्रशिक्षण द्यायचे हे ठरवताना त्यांतील किती जणांना बोट मिळाली याची संस्थेनिहाय आकडेवारी प्रसिद्ध करावी. एजंटाचे दुकान घरी बसलेल्या मुलांवरच चालते.

सीडीसीधारक व्हिजिट व्हिसावर आखाती देशात निघाला असेल, तर विमानतळावर त्याला थांबवून सावध करणारा एक प्रश्न विचारला जावा. येथे मी जपून लिहितो, कारण अशा सूचनेचा शेवट मुलांच्या छळात होऊ शकतो. त्याला रोखू नये, त्याचे सीडीसी जप्त करू नये. त्याच्या जहाजाचा आयएमओ क्रमांक आणि एजंटाचे नाव तेवढे नोंदवून घ्यावे. म्हणजे पुढे काही घडलेच तर ‘नोंद नाही’ असे कोणाला म्हणता येणार नाही.

शेवटची मागणी पैशांची. अडकलेल्या खलाशाला अन्नपाणी पोचवणे, त्याला घरी आणणे आणि त्याच्या थकलेल्या पगाराचा दावा परदेशी न्यायालयात चालवणे, हा खर्च आधी सरकारी निधीतून व्हावा. वसुली नंतर विमाकंपनी, मालक किंवा एजंट यांपैकी जो सापडेल त्याच्याकडून करावी. आपल्या 2017 च्या सागरी दावे कायद्यात जहाजाच्या विक्रीतून होणाऱ्या वाटपात खलाशांच्या पगाराला सर्वांत वरचे स्थान दिले आहे. इतका चांगला कायदा असलेल्या देशाने आपल्या मुलांसाठी परदेशी न्यायालयात वकील उभा करणे अवघड नसावे.

माझ्या मुलाच्या पगाराचे सहा महिन्यांहून अधिक काळाचे पैसे बुडाले, साडेतीन लाखही गेले. त्याबद्दल मी आपल्याकडे वैयक्तिक भरपाई मागत नाही. तो आता घरी आहे, बरा आहे, आणि पुन्हा बोटीवर जायचे म्हणतो. त्याला मी अडवणार नाही, कारण समुद्राने त्याचे काही वाईट केलेले नाही.

ज्या एजंटाने त्याला पाठवले त्याच्या कार्यालयावर आता वेगळ्या नावाची पाटी आहे. जागा तीच आहे, फोन क्रमांकही तोच आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या वाडीतील एक गृहस्थ तो क्रमांक घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या मुलाचे सीडीसी नुकतेच झाले आहे, चार लाखांची मागणी आहे, आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत निम्मी रक्कम द्यायची आहे. मी त्यांना तारीख पुढे ढकलायला सांगितले आहे. त्याआधी आपले उत्तर आले, तर मी ते त्यांना वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी